सामंजस्य करारानंतरचे काम

युरोपातील आणि युरोपबाहेरील विद्यापीठांमधले सहकार्य मुख्यतः तीन प्रकारे चालते. पहिल्या प्रकारात विद्यार्थी आणि शिक्षक ठरावीक काळासाठी एका संस्थेतून दुसरीत जातात. दुसऱ्यात दोन किंवा अधिक विद्यापीठे मिळून एकच अभ्यासक्रम चालवतात आणि पदवीही मिळून देतात. तिसऱ्यात एखाद्या विद्यापीठात नवा अभ्यासक्रम, प्रयोगशाळा किंवा प्रशासकीय व्यवस्था उभी करण्यासाठी बाहेरची विद्यापीठे हातभार लावतात. तिन्हींची सुरुवात सामंजस्य कराराने होते. कुलगुरूंच्या सह्या होतात, छायाचित्र निघते, बातमी छापून येते. त्यापुढचे काम आंतरराष्ट्रीय केंद्राच्या टेबलावर, परीक्षा विभागात, अभ्यासमंडळाच्या बैठकीत आणि वित्त विभागात होते. हे काम वर्षानुवर्षे केलेल्या प्राध्यापकांचा, समन्वयकांचा आणि कर्मचाऱ्यांचा अनुभव एका मुद्द्यापाशी येऊन थांबतो : एका विद्यापीठात घेतलेले शिक्षण दुसऱ्या विद्यापीठाने आपले मानले, तरच सहकार्य टिकते. ही मान्यता मिळाली नाही, तर उत्तम हेतूने केलेला करारही फाइलीत पडून राहतो.

मदतीपासून देवाणघेवाणीपर्यंत

कार्यक्रम आणि अनुदाने येण्यापूर्वी हे संबंध व्यक्तींच्या बळावर चालत. इरावती कर्वे यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये मानवशास्त्रात संशोधन केले आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात या विषयाचा पाया घातला. उलट दिशेने आलेले गुंथर सोन्थायमर हे हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतले प्राध्यापक. त्यांनी मराठी आत्मसात केली, धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि खंडोबा, बिरोबा, म्हसोबा या दैवतांच्या परंपरांवर दीर्घकाळ काम केले. अशा संबंधांतून ज्ञानाला खोली येत असे. मात्र ते त्या व्यक्तीच्या आयुष्याएवढेच टिकत. संस्थेला त्यातून कायमची व्यवस्था मिळतेच असे नाही.

स्वातंत्र्यानंतर भारताला संस्थात्मक सहकार्याचा पहिला मोठा अनुभव आला तो मदतीच्या रूपात. मुंबईची आयआयटी १९५८ मध्ये सुरू झाली, तेव्हा युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाकडून यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ आले, आणि भारतीय शिक्षक प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनीच्या साह्याने मद्रासची आयआयटी उभी राहिली. या दोन्ही ठिकाणी देणारा आणि घेणारा स्पष्ट होता. परक्या पदवीच्या मान्यतेचा प्रश्नच नव्हता, कारण पदवी भारतीयच होती. त्या मदतीचे चीज झाले ते यंत्रांपेक्षा माणसांमुळे. बाहेर शिकून आलेल्या शिक्षकांनी विभाग हाती घेतले आणि परदेशी तज्ज्ञ परतल्यावरही ते समर्थपणे चालवले.

युरोपात याच सुमारास वेगळा प्रश्न पुढे येत होता. सोफिया कोराडी ही रोममध्ये कायदा शिकणारी विद्यार्थिनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून परतली, आणि तिथला अभ्यास ग्राह्य धरायला मायदेशी नकार मिळाला. पुढे शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक झालेल्या कोराडींनी विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा आणि परदेशी अभ्यासाच्या मान्यतेचा पाठपुरावा अनेक वर्षे केला. १९८७ मध्ये युरोपीय समुदायाने इरॅस्मस कार्यक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी त्यात गेले. परदेशातले सत्र मायदेशीच्या पदवीत धरले जाईल, ही हमी या कार्यक्रमाच्या मुळाशी होती. ती व्यवहारात उतरवण्यासाठी १९८९ मध्ये श्रेयांक हस्तांतराची युरोपीय पद्धत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. ती आज ईसीटीएस या नावाने ओळखली जाते.

टेम्पसचा धडा

युरोपीय समुदायाबाहेरील देशांशी उच्च शिक्षणात पद्धतशीर सहकार्य सुरू झाले ते टेम्पस या कार्यक्रमातून. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि १९९० मध्ये टेम्पस सुरू झाला. आरंभी त्याचा रोख पोलंड, हंगेरी आणि मध्य युरोपातल्या इतर देशांकडे होता. १९९३ पासून पूर्वीच्या सोव्हिएत संघातील देश, नंतर पश्चिम बाल्कन प्रदेश आणि २००२ पासून भूमध्य समुद्राच्या दक्षिण व पूर्व किनाऱ्यावरचे देश त्यात आले. २०१३ पर्यंत तो चार टप्प्यांत चालला. त्यानंतर हेच काम इरॅस्मसचे पुढचे रूप असलेल्या इरॅस्मस प्लसमधल्या क्षमताबांधणीच्या विभागाकडे गेले. आशियासाठी २००२ मध्ये एशिया-लिंक हा कार्यक्रम आला होता आणि लॅटिन अमेरिकेसाठी १९९४ पासून आल्फा होता.

टेम्पसच्या कामातून पुढच्या सर्व कार्यक्रमांना उपयोगी पडलेले काही धडे मिळाले. पहिला धडा उपकरणांचा. जुन्या प्रयोगशाळा, बंद पडलेली यंत्रे आणि संगणकांचा अभाव अशी स्थिती असलेल्या विद्यापीठांना उपकरणे घेण्याची घाई असे. पण सुट्या भागांसाठी, देखभालीसाठी आणि चालवणाऱ्या माणसासाठी तरतूद नसेल, तर अनुदान संपल्यावर यंत्र झाकून ठेवले जाई. पुढच्या नियमांत या अनुभवाची छाप दिसते. इरॅस्मस प्लसच्या २०१४ ते २०२० या काळातल्या क्षमताबांधणी प्रकल्पांत उपकरणांवरील खर्च अनुदानाच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि मनुष्यबळावरील खर्च ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित होता.

दुसरा धडा अभ्यासक्रमाचा. पाश्चात्त्य विद्यापीठाचा अभ्यासक्रम भाषांतर करून जसाच्या तसा लावला, तर तो टिकत नसे. स्थानिक कायदा, स्थानिक उद्योग आणि शिक्षकांची तयारी यांचा विचार करून तो नव्याने रचावा लागे, आणि त्या देशाच्या अधिकृत अभ्यासक्रमांच्या यादीत बसवावा लागे. यादीत आलेला अभ्यासक्रम अनुदानाशिवायही चालत राही. न आलेला प्रकल्पाबरोबर संपे. म्हणूनच टेम्पसच्या पुढच्या टप्प्यांत विषयांचे प्राधान्यक्रम त्या त्या देशाच्या शिक्षण मंत्रालयाशी चर्चा करून ठरू लागले आणि भागीदार देशांत टेम्पसची राष्ट्रीय कार्यालये आली.

तिसरा धडा नेतृत्वाचा. प्रकल्पाचा समन्वय नेहमी पश्चिम युरोपातल्या विद्यापीठाकडेच राहिला, तर भागीदार विद्यापीठ सूचनांची वाट पाहण्याची सवय लावून घेते. अर्ज लिहिणे, हिशेब ठेवणे, अहवाल देणे ही कामे ज्यांनी स्वतः केली, त्या संस्थांना पुढचा प्रकल्प मिळवणे आणि चालवणे सोपे गेले. चौथ्या टप्प्यात भागीदार देशांतल्या विद्यापीठांनाही थेट अर्जदार होता येऊ लागले, हा त्यामुळे मोठा बदल होता.

श्रेयांकांचा हिशेब

बोलोन्या जाहीरनाम्यावर जून १९९९ मध्ये २९ युरोपीय देशांनी सह्या केल्या. पदव्यांची तुलना करता यावी अशी सारखी रचना, श्रेयांकांची समान भाषा आणि पदवीसोबत तिचे स्वरूप सांगणारे पुरवणीपत्र अशी व्यवस्था त्यातून आकाराला आली. त्याआधी, १९९७ च्या लिस्बन करारात मान्यतेचे मूलतत्त्व मांडले गेले होते : दोन पदव्यांत ठळक फरक असल्याचे दाखवता आले नाही, तर परदेशी पदवी मान्य करावी, आणि तो फरक दाखवण्याची जबाबदारी तपासणाऱ्या संस्थेची. ‘आमच्यासारखे आहे हे तुम्ही सिद्ध करा’ असे अर्जदाराला सांगणाऱ्या जुन्या पद्धतीत यामुळे मूलभूत बदल झाला.

भारतीय विद्यापीठ या व्यवस्थेशी जोडले जाते, तेव्हा पहिली गाठ श्रेयांकांची पडते. ईसीटीएसमध्ये एका वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे एकूण काम धरतात. व्याख्याने, वाचन, गृहपाठ, प्रकल्प, परीक्षेची तयारी सगळे त्यात येते. भारताच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका वर्षाला १,२०० तास आणि ४० श्रेयांक आहेत. म्हणजे युरोपातले एक सत्र ३० श्रेयांकांचे आणि भारतातले २० श्रेयांकांचे. वर्षाला वर्ष आणि सत्राला सत्र असे धरले, तर दीड ईसीटीएस म्हणजे एक भारतीय श्रेयांक.

गणित सोपे दिसते, पण अडचण एकेका विषयाच्या पातळीवर येते. सहा ईसीटीएसचा विषय भारतात चार श्रेयांकांचा होतो. हिशेब नीट बसतो. पाच ईसीटीएसचा विषय मात्र तीन पूर्णांक एक तृतीयांश श्रेयांकांचा होतो, आणि परीक्षा विभागाच्या प्रणालीत असा आकडा भरताच येत नाही. विषय तीन श्रेयांकांचा धरला तर विद्यार्थ्याचे नुकसान होते. चारचा धरला तर लेखापरीक्षणात प्रश्न येतो. अनुभवी समन्वयक अशा वेळी विषयाला विषय जुळवण्याचा आग्रह सोडून संपूर्ण सत्राचा गट विचारात घेतात. पाच ईसीटीएसचे तीन विषय मिळून भारतातले दहा श्रेयांक होतात. ‘बाहेरचे सहा विषय मिळून या सत्राचे वीस श्रेयांक’ असा ठराव अभ्यासमंडळाने आधीच केलेला असला, तर परतलेल्या विद्यार्थ्याला खिडकीपुढे उभे राहावे लागत नाही.

यासाठी अभ्यास करारपत्र नावाचा कागद वापरतात. विद्यार्थी, पाठवणारे विद्यापीठ आणि स्वीकारणारे विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या त्यावर निघण्यापूर्वी होतात. कोणते विषय घ्यायचे आणि परतल्यावर ते कशाच्या जागी धरायचे, हे त्यात लिहिलेले असते. तिकडे गेल्यावर एखादा विषय रद्द झाला किंवा वेळापत्रकात दोन तास एकमेकांवर आले, तर बदलासाठी पुन्हा तिघांच्या सह्या लागतात. हा कागद औपचारिकता समजून शेवटच्या आठवड्यात घाईने भरला की त्याची किंमत वर्षअखेरीस विद्यार्थ्याला मोजावी लागते. विभागप्रमुखाने प्रत्येक विषयाचा तपशील वाचून केलेली सही ही या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची सही आहे.

गुणांचे रूपांतर

श्रेयांक जुळले तरी गुणांचा प्रश्न उरतो. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४.० ही उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी. भारतातल्या दहा गुणांच्या मापात दहा सर्वोत्तम. जर्मन विद्यापीठे बहुधा सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्यातील फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. दहापैकी ८.२ गुण मिळालेल्या आणि ४ ला उत्तीर्ण धरणाऱ्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याची जर्मन श्रेणी १.९ येते. तोच विद्यार्थी, तेच गुण, पण किमान गुण ५ धरले तर श्रेणी २.१ च्या जवळ जाते. एखाद्या अभ्यासक्रमात प्रवेशाची मर्यादा २.० असेल, तर एका बाजूला प्रवेश आणि दुसऱ्या बाजूला नकार. गुणपत्रकावर उत्तीर्णतेचे किमान गुण आणि श्रेणीचे कोष्टक स्पष्ट छापलेले असणे किती महत्त्वाचे आहे, हे या एका उदाहरणावरून कळते. परीक्षा विभागातल्या ज्या अधीक्षकाने गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला हे कोष्टक छापून घेतले, त्याने शेकडो विद्यार्थ्यांचे काम केले असे म्हणता येते.

सूत्राला मर्यादाही आहेत. काही विद्यापीठांत सढळ हाताने गुण दिले जातात, काही ठिकाणी आठच्या वर गुण क्वचितच मिळतात. सूत्राला हा फरक दिसत नाही. त्यावर युरोपात श्रेणी-वितरणाचे कोष्टक वापरतात. मागच्या काही वर्षांत त्या अभ्यासक्रमात किती टक्के विद्यार्थ्यांना कोणती श्रेणी मिळाली, हे त्यात दिलेले असते. भारतीय विद्यापीठांकडे ही माहिती असतेच. ती नियमितपणे ट्रान्सक्रिप्टसोबत देण्याची सवय तेवढी लागायला हवी.

संलग्न महाविद्यालयांची अडचण

महाराष्ट्रात या कामाला एक खास पेच आहे. युरोपात साधारणपणे शिकवणारी, परीक्षा घेणारी आणि पदवी देणारी संस्था एकच असते. इथे बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात. शिकवते महाविद्यालय, अभ्यासक्रम ठरवते विद्यापीठाचे अभ्यासमंडळ, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. एखाद्या उत्साही महाविद्यालयाने फ्रान्समधल्या किंवा नेदरलँड्समधल्या संस्थेशी करार केला, तरी परदेशातल्या सत्राचे श्रेयांक पदवीत धरण्याचा अधिकार महाविद्यालयाकडे नसतो. युरोपीय भागीदाराला हे समजावून सांगण्यात पहिल्या कित्येक बैठका जातात. ‘तुमच्या प्राचार्यांची सही आहे, मग मान्यता का नाही?’ हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने रास्त असतो.

यावर व्यवहारात दोन मार्ग निघाले. पहिला, परदेशातला काळ पदवीबाहेरचा ठेवणे : उन्हाळी शाळा, दोन-तीन आठवड्यांचा संयुक्त प्रकल्प, उमेदवारी. त्याचे प्रमाणपत्र मिळते आणि अनुभवही येतो, पण पदवीत त्याला स्थान नसते. दुसरा मार्ग स्वायत्त महाविद्यालयांचा. त्यांची स्वतःची अभ्यासमंडळे आणि विद्या परिषद असल्याने बाहेरचे श्रेयांक स्वीकारण्याचा ठराव तिथे होऊ शकतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आलेली श्रेयांक पेढी हा तिसरा मार्ग होऊ शकेल, कारण विद्यार्थ्याचे श्रेयांक तिच्यात त्याच्या खात्यावर जमा राहतात. परदेशी श्रेयांकांची नोंद तिथे सुरळीत होऊ लागली, तर संलग्न महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही पूर्ण सत्र बाहेर घालवणे परवडेल. शहरातल्या नामांकित संस्थांपुरते मर्यादित राहिलेले हे शिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी पोचवायचे असेल, तर या मार्गावर सर्वाधिक लक्ष द्यायला हवे.

वेळापत्रक, व्हिसा आणि पैसा

भारतातले शैक्षणिक वर्ष जून-जुलैमध्ये सुरू होते. जर्मनीतले हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च आणि उन्हाळी सत्र एप्रिल ते सप्टेंबर. विषम सत्रासाठी गेलेला विद्यार्थी परतेपर्यंत इथले सम सत्र अर्धे झालेले असते. पदव्युत्तर प्रवेशासाठी जाणाऱ्याचा अखेरच्या सत्राचा निकाल लांबला, तर तिकडची नोंदणी अडकते. म्हणून अनुभवी केंद्रे निकालापूर्वी देण्याच्या तात्पुरत्या प्रमाणपत्राचा नमुना तयार ठेवतात आणि परीक्षा विभागाशी तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून घेतात.

व्हिसाची तयारीही लवकर करावी लागते. जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून, मोजके अपवाद वगळता, एपीएस या तपासणी केंद्राचे प्रमाणपत्र लागते. एका वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवण्यासाठी गोठवलेल्या खात्यात ठेवायची रक्कम २०२४ मध्ये ११,९०४ युरो झाली. मध्यमवर्गीय घरासाठी ही रक्कम मोठी आहे. पूर्ण शिष्यवृत्ती असेल तर तरतुदीचा हा प्रश्न सुटतो. सामान्य घरातल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने शिष्यवृत्ती असलेला करार आणि नुसती शुल्कमाफी असलेला करार यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रकल्पांच्या पैशात आणखी एक अंतर दिसते. क्षमताबांधणीच्या प्रकल्पांत शिक्षकाच्या एका दिवसाच्या कामाचा दर देशानुसार ठरलेला असे. एकाच बैठकीत, एकाच अहवालावर काम करणाऱ्या डेन्मार्कच्या आणि भारताच्या प्राध्यापकांच्या दिवसाचा दर वेगवेगळा धरला जाई. राहणीमानाचा खर्च हे त्याचे कारण खरे; पण अर्ज लिहिताना हा मुद्दा मोकळेपणाने बोलला गेला नाही, तर मनात अढी राहते. शिवाय युरोपीय अनुदान टप्प्याटप्प्याने येते, आणि भारतीय विद्यापीठात खरेदीला निविदा, खर्चाला पूर्वमंजुरी आणि प्रवासाला आदेश लागतो. वित्त विभागातल्या अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून प्रकल्पात घेतले, तर ही कामे वेळेत होतात. त्याला फक्त बिल सादर करताना भेटणारा समन्वयक अडचणीत येतो, हा जवळजवळ सगळ्या प्रकल्पांचा अनुभव आहे.

संयुक्त पदवी

इरॅस्मस मुंडस हा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा कार्यक्रम २००४ पासून सुरू आहे. किमान तीन देशांतली तीन विद्यापीठे मिळून ६० ते १२० ईसीटीएसचा एक अभ्यासक्रम चालवतात आणि विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो. सध्याची शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो आहे आणि शिष्यवृत्तीधारकाला शुल्क पडत नाही. जगभरातून अर्ज येतात आणि भारतीय विद्यार्थी निवडल्या गेलेल्यांत सातत्याने मोठ्या संख्येने असतात.

असा अभ्यासक्रम रचताना चर्चा विषयांवर कमी आणि नियमांवर जास्त होते. प्रवेशाची एकच यादी कोण करणार, नापास विद्यार्थ्याची फेरपरीक्षा कोणत्या देशात, प्रबंधाचा मार्गदर्शक कोण, परीक्षक किती, आणि पदवीच्या कागदावर किती बोधचिन्हे? काही देशांचा कायदा आपल्या राष्ट्रीय नमुन्याशिवाय पदवी छापू देत नाही. मग एका कागदाऐवजी दोन किंवा तीन पदव्या द्याव्या लागतात. प्रत्येक विद्यापीठाला वाटते की आपली परीक्षापद्धती कडक आणि दुसऱ्याची सैल. एकमेकांच्या उत्तरपत्रिका आणि प्रबंध प्रत्यक्ष वाचल्यावर हा समज निवळतो. दोन विद्यापीठांच्या परीक्षकांनी एकच प्रबंध स्वतंत्रपणे तपासून मग श्रेणी जुळवून पाहणे, ही विश्वास निर्माण करण्याची सर्वांत खात्रीची रीत ठरली आहे.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये जुळ्या, संयुक्त आणि दुहेरी पदव्यांसाठी नवे विनियम आणले. नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण असलेली, किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात असलेली, किंवा प्रतिष्ठित संस्थेचा दर्जा मिळालेली भारतीय संस्था जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या हजारांतल्या विद्यापीठाशी आयोगाच्या पूर्वपरवानगीशिवाय असा अभ्यासक्रम सुरू करू शकते. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांचे प्रत्येकी किमान ३० टक्के श्रेयांक असावे लागतात. दार त्यामुळे उघडले. पण क्रमवारीची अट ही गुणवत्तेची ढोबळ खूण आहे. एखाद्या विषयात उत्तम काम करणारी लहान युरोपीय संस्था या यादीत नसू शकते, आणि तिच्याशी अर्थपूर्ण सहकार्य कसे करायचे हा प्रश्न उरतो.

एकाच दिशेची ये-जा

या क्षेत्रातली सर्वांत खोल विषमता ये-जा करणाऱ्यांच्या संख्येत आहे. जर्मनीत २०२३-२४ मध्ये सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचा गट सर्वांत मोठा होता. युरोपातून पूर्ण सत्रासाठी भारतात येणारे त्यामानाने फार थोडे. करारात देवाणघेवाण समसमान लिहिलेली असते. पाच जायचे, पाच यायचे. प्रत्यक्षात पाच जातात आणि एखादा येतो. काही वर्षांनी शुल्कमाफीचा हिशेब बिघडतो आणि करार थंडावतो.

येणाऱ्यांची संख्या कमी असण्याची कारणे व्यावहारिक आहेत. विषयांची माहिती संकेतस्थळावर अद्ययावत नसते, वसतिगृहात जागा मिळेल की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयातली प्रक्रिया नवख्याला एकट्याने झेपत नाही. जिथे एक माणूस या तिन्ही गोष्टींसाठी नेमला गेला, तिथे विद्यार्थी येऊ लागले. विषयांची निवडही महत्त्वाची असते. युरोपीय विद्यार्थ्याला भारतात येऊन शिकावेसे वाटेल असे विषय भरपूर आहेत : शहरी पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, पुरातत्त्व, संस्कृत आणि मराठी, सहकारी चळवळ. गोवा विद्यापीठातला पोर्तुगीज आणि लूझोफोन अभ्यास, आणि पणजीच्या अभिलेखागारातली पोर्तुगीज राजवटीची कागदपत्रे यांच्यामुळे पोर्तुगालच्या अभ्यासकांना गोव्यात येणे आवश्यकच ठरते. आपल्याकडे असलेले आणि इतरत्र न मिळणारे ज्ञान पुढे ठेवले की विद्यापीठ बरोबरीचे भागीदार होते. शिक्षकांच्या बाबतीत भारत सरकारच्या २०१५ च्या ग्यान आणि २०१८ च्या स्पार्क या योजनांनी थोडी भरपाई केली. ग्यानमुळे परदेशी प्राध्यापकांचे लघु अभ्यासक्रम इथे होऊ लागले, तर स्पार्कने संयुक्त संशोधनाला पैसा दिला.

राजकारणाचा वारा

विद्यापीठे आपापसांत कितीही जवळ आली, तरी अनुदानाची दोरी सरकारांच्या हाती असते. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सार्वमतात स्थलांतरावर मर्यादा घालण्याचा कौल आला आणि त्या देशाचा इरॅस्मस प्लसमधला सहभाग थांबला. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटननेही २०२० च्या अखेरीस हा कार्यक्रम सोडला आणि ट्युरिंग ही स्वतःची योजना आणली. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर बोलोन्या प्रक्रियेतल्या रशियाच्या आणि बेलारूसच्या प्रतिनिधित्वाचे हक्क स्थगित झाले. अशा वेळी अर्धवट शिकलेल्या विद्यार्थ्यांचे काय, हा प्रश्न विद्यापीठांवर येऊन पडतो. यातून आलेले शहाणपण असे की सहकार्य एकाच अनुदानावर अवलंबून ठेवू नये, आणि प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रम पूर्ण करता येईल, असे कलम करारात पहिल्यापासून असावे.

भारतात आता सहकार्याचे नवे रूप दिसते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढायची परवानगी दिली. जून २०२५ मध्ये मुंबई-नवी मुंबई परिसरात शाखा सुरू करण्यासाठी ज्यांना इरादापत्रे मिळाली, त्यांत ॲबर्डीन आणि यॉर्क ही ब्रिटिश विद्यापीठे आणि इटलीतील इस्तितुतो एउरोपेओ दि डिझाइन ही संस्था आहे. या शाखांमुळे परदेशी पदवी घराजवळ मिळेल. मात्र शाखा स्वतःच शिकवते आणि स्वतःच पदवी देते. तिला स्थानिक विद्यापीठाच्या मान्यतेची गरज नसते. आजूबाजूच्या महाविद्यालयांशी तिने श्रेयांकांची देवाणघेवाण केली, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा खुल्या केल्या, तरच त्याला सहकार्य म्हणता येईल.

यशाचे माप

विद्यापीठांच्या वार्षिक अहवालांत करारांची संख्या ठळकपणे दिली जाते. या कामात मुरलेल्यांना चार वेगळे आकडे महत्त्वाचे वाटतात. परदेशात पूर्ण केलेल्या श्रेयांकांपैकी किती पदवीत धरले गेले. अनुदान संपल्यावर तीन वर्षांनी अभ्यासक्रम चालू आहे का. गेलेल्यांच्या तुलनेत किती जण आले. आणि जाणाऱ्यांत पहिल्यांदाच पारपत्र काढणाऱ्या घरांतले किती. पहिल्या आकड्यावरून मान्यता कळते, दुसऱ्यावरून टिकाऊपणा, तिसऱ्यावरून समानता आणि चौथ्यावरून न्याय. चारही आकडे विद्यापीठाच्या स्वतःच्या दप्तरातून काढता येतात. त्यासाठी वेगळे सर्वेक्षण लागत नाही. यांतल्या मान्यतेपुरते बोलायचे, तर उच्च शिक्षणातील पदव्यांच्या मान्यतेचा युनेस्कोचा जागतिक करार मार्च २०२३ मध्ये अमलात आला आणि लिस्बनचे तत्त्व युरोपच्या सीमेपलीकडे पोचले. त्या तत्त्वाप्रमाणे वागायचे, तर प्रत्येक विभागाने दुसऱ्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम सद्भावनेने वाचून, ठळक फरक नसेल तिथे त्यावर वेळेत सही करायला हवी.